‘रोमानुस’ आणि ‘वच्छोमी’ : दोन नगरवाचक विशेषणांचा इतिहास

नगराच्या नावावरून सिद्ध झालेले विशेषण त्या नगराशी कायमचे बांधलेले राहते, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत ग्राह्य आहे, हे दोन उदाहरणांवरून पाहता येईल.

लॅटिनमधील ‘रोमानुस’ या विशेषणापासून इटालियन व स्पॅनिश ‘रोमानो’ आणि फ्रेंच ‘रोमँ’ ही रूपे झाली. रूमानियन भाषेत मात्र या एकाच शब्दाची दोन रूपे नांदतात. लोकमुखातून उतरलेल्या रूपात ‘न’पूर्वीचा ‘आ’ संवृत होऊन ‘रोमिन’सारखा उच्चार झाला; त्याचा अर्थ ‘रूमानियन’. रोम नगराचा वाचक ‘रोमान’ हा शब्द पुढे ग्रंथांतून पुन्हा घ्यावा लागला. इतकेच नव्हे, तर वालाकियात ‘रुमिन’ म्हणजे जमिनीशी जखडलेले कूळ, असा अर्थ रूढ होता. ही प्रथा इ. स. १७४६ मध्ये रद्द झाली. जेत्या नगराचे विशेषण असे दासाचे नाव ठरले.

आपल्याकडील उदाहरण वाशीमचे होय. या नगराचे प्राचीन नाव वत्सगुल्म. राजशेखराने इ. स. ९०० च्या सुमारास ‘कर्पूरमंजरी’च्या आरंभी ‘वच्छोमी’ रीतीचा निर्देश केला आहे. ‘वात्सगुल्मी’चेच हे प्राकृत रूप, ‘त्स’चा ‘च्छ’ झाला, ‘ग’ लोपला आणि ‘ल्म’मधील ‘ल’ गळाला. ज्या रीतीस इतरत्र ‘वैदर्भी’ म्हणतात, तीच ही. म्हणजे एका नगराचे विशेषण सबंध प्रांताच्या काव्यशैलीस लागू झाले होते. पुढे ‘वैदर्भी’ टिकली, ‘वच्छोमी’ लोपली.

नगरनाम मात्र लोकमुखात राहिले. ‘वत्सरूप’पासून ‘वासरू’ झाले, त्याच वाटेने ‘वत्स’चा ‘वास’ झाला आणि ईकारापूर्वी ‘स’चा ‘श’ होऊन ‘वाशीम’ सिद्ध झाले. इ. स. १९३९ मध्ये येथे द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्यातील वंशावळ संस्कृतात, तर दानाचा मजकूर प्राकृतात आहे. या शोधानंतर अभ्यासकांत ‘वात्सगुल्म शाखा’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. तथापि नगरवासी स्वतःस ‘वाशीमकर’च म्हणवितो.

तात्पर्य, ‘वात्सगुल्म’ हे आजचे विशेषण ‘वच्छोमी’चा वारस नव्हे, ‘रोमान’प्रमाणेच ते ग्रंथांतून पुन्हा आणलेले आहे. पुस्तकी रूप जुने दिसते, एवढ्यावरून परंपरा अखंड मानणे युक्त नव्हे. तिचा पुरावा झिजलेल्या रूपातच शोधावयास हवा.