मात्रा, ऋतू आणि आपली चूल

बौद्ध इतिहास म्हटला की लेणी, स्तूप आणि राजाश्रय यांचीच चर्चा प्रथम होते. वस्तुतः विनयपिटकातील महावग्गाचा एक संपूर्ण खंधक औषध आणि आहार या विषयाला वाहिलेला आहे. भेसज्जक्खन्धक हे त्याचे नाव. त्यातील काही प्रसंग आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

तथागत श्रावस्तीत असताना शरद ऋतूतील आजाराने भिक्खू ग्रासले. प्यालेली पेज आणि खाल्लेला भात उलटून पडू लागला. शरीरे कृश झाली, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. तेव्हा तथागतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी या पाच पदार्थांना औषध म्हणून अनुज्ञा दिली. प्रारंभी ती मध्यान्हापूर्वीपुरतीच होती; परंतु त्याने गुण येईना, म्हणून पुढे मध्यान्हानंतरही ते घेण्याची मोकळीक दिली. ऋतू बदलला की शरीराची गरज बदलते, आणि नियम माणसासाठी असतो, ही दोन तत्त्वे या एकाच प्रसंगातून प्रकट होतात.

अंधकविंद येथे एका ब्राह्मणाने संघासाठी पेज सिद्ध केली, तेव्हा तथागतांनी पेजेचे दहा लाभ सांगितले. आयुष्य, कांती, सुख, बल आणि प्रतिभा हे पाच. भूक शमते, तहान भागते, वायू अनुलोम होतो, मूत्राशय शुद्ध होते आणि न पचलेले पचते, हे दुसरे पाच. ज्या पेजेला आज गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडले जाते, तिचा हा गौरव आहे.

संयुत्तनिकायात कोसलनरेश पसेनदीची कथा येते. राजा द्रोणभर तांदळाचा भात खाई आणि धापा टाकीत तथागतांकडे येई. भोजनात मात्रा जाणणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश वृद्ध होतो, असा बोध त्याला मिळाला. भोजनसमयी ती गाथा म्हणण्याचे काम राजाने सुदस्सन या तरुणाला रोज शंभर कहापण देऊन सोपविले. हळूहळू त्याचा आहार नाळीभर तांदळावर आला आणि शरीर हलके झाले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण या परंपरेचे वारसदार झालो. परंतु त्यापूर्वी अन्नाचा प्रश्न आपल्या समाजापुढे निराळ्याच रूपात उभा होता. राजापुढे अतिभोजनाचा प्रश्न होता. आपल्या पूर्वजांपुढे उष्ट्या तुकड्यांचा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टे सोडण्याचे आवाहन केले. आपल्या समाजाने ते पाळले. स्वाभिमानाचा आरंभ ताटापासून झाला.

मात्र लादलेले अन्न आणि कमावलेले ज्ञान यांत भेद केला पाहिजे. पहिल्या पावसानंतरचा कोवळा तरोटा, कुरडू आणि घोळ. हिवाळ्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याचा कोवळा पाला. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील, हे कुणाचे उष्टे नव्हते. बांधावर उगवलेले कोणते पान खावे, केव्हा खुडावे, कोणते दोनदा उकळून पाणी ओतून द्यावे, हे आमच्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखले होते. दारिद्र्याची खूण मानून आपण मृतमांसाबरोबर हेही टाकून दिले. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि तीच ज्वारी-बाजरी शहरातील दुकानांत आरोग्याच्या नावाने मिरवू लागली.

उपाशी माणसाला मात्रेचा उपदेश करणे हा अधर्मच होय. प्रथम पोटभर अन्न, मग मात्रा. परंतु ज्या घरी आज दोन वेळची चूल निश्चिंत पेटते, तेथे ऋतू आणि मात्रा या दोहोंचे भान परत आले पाहिजे. म्हणून उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे की, घरातील वृद्ध स्त्रियांना विचारून रानभाज्यांची नावे, त्यांचा काळ आणि रांधण्याची रीत वहीत लिहून ठेवावी. हाही आपला इतिहासच आहे, आणि तो सांगणाऱ्या दिवसेंदिवस कमी होत आहेत.