हुंडीचा शब्द

धार-देवास म्हटले की आम्हां मराठी मंडळींना पवारांचा पराक्रम आठवतो. त्याच माळव्यात पेढ्या चालवणाऱ्या सावकारांची आठवण मात्र क्वचितच निघते.

1818 पूर्वीची काही वर्षे इथे फार वाईट गेली. पेंढाऱ्यांची धाड कधी येईल, वाट कधी बंद होईल, याचा नेम नव्हता. लोक त्या काळाला ‘गर्दी का वक्त’ म्हणत. तरीही एका गावच्या पेढीने लिहिलेली हुंडी दूरच्या गावी पटत असे. का?

पहिले कारण पत. एकदा हुंडी नाकारली की ती बातमी सगळ्या बाजारांत पसरे. दुसरे कारण चोख व्यवस्था. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’, तीही गेली तर ‘परपेठ’ लिहून देत. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालावर ‘जोखमी हुंडी’ असे. माल सुखरूप पोचला तरच पैसे देणे लागे. नुकसान कोणी सोसायचे, हे आधीच ठरलेले असे.

कसोटी लागली अफूच्या व्यापारात. डिसेंबर 1818 मध्ये देवासने आणि जानेवारी 1819 मध्ये धारने इंग्रजांशी तह केला. पुढे कंपनीने अनेक संस्थानांशी करार करून माळव्याची अफू आपल्या मुठीत ठेवू पाहिली. व्यापाऱ्यांनी माल पाली, जैसलमेर, कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला नेला. इतक्या राज्यांतून जाणाऱ्या मालासाठी एक कचेरी नव्हती, की एक कायदा नव्हता. साखळी टिकली ती पेढ्यांच्या आपसांतील शब्दावर. अखेर 1830 मध्ये कंपनीने हट्ट सोडला आणि मुंबईमार्गे जाणाऱ्या पेट्यांवर पासाची फी घेणे पत्करले. या मालाने चीनमध्ये घरे उद्ध्वस्त केली, हेही विसरता येत नाही. अभिमान मालाचा नाही. शिकण्यासारखी आहे ती व्यवहाराची रीत.

आज देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये छापलेल्या नोटेवरही रक्कम देण्याचे वचन असते. त्यामागे सरकार उभे आहे. हुंडीमागे फक्त पेढीचे नाव होते.

आमच्या समाजातील कित्येक मुले आता पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवतात. लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांत चुकवावेत असा 2006 चा कायदा आहे, तरी बिले अडकतात. ओळखीपोटी ‘बघू नंतर’ म्हणून माल देऊ नये. उशीर झाला, माल परत आला, भाव पडला, तर भार कोणावर, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. त्या सावकारांनी हेच केले होते, म्हणून त्यांचा शब्द टिकला.