फातोर्ड्याचे गवत, बडोद्याच्या खुर्च्या

बडोद्याहून हालोलकडे जाताना कोटंबीला नवे क्रिकेट स्टेडियम लागते. २०२४ च्या डिसेंबरात तिथे भारताचा महिला संघ वेस्ट इंडीजशी खेळला आणि २०२६ च्या जानेवारीत पुरुषांचा न्यूझीलंडविरुद्धचा एकदिवसीय सामनाही झाला. स्टेडियम बांधा, सामने येतील, हा हिशेब क्रिकेटपुरता जुळला. तोच फुटबॉलला लावण्याचा मोह कुणालाही व्हावा. पण फुटबॉलच्या बाबतीत स्टेडियमच्या बांधणीने वा डागडुजीने स्पर्धा मिळते ती दोन अटींवर: खर्च खुर्च्यांपेक्षा मैदानावर झाला पाहिजे, आणि त्याआधीपासून त्या मुलखात खेळ रुजलेला पाहिजे.

गोव्याचे उदाहरण घ्या. मडगावजवळ फातोर्ड्याला नेहरू स्टेडियम उभे राहिले १९८९ साली, आणि त्याच वर्षी नेहरू कप तिथे खेळला गेला. हंगेरीने तो जिंकला. म्हणजे स्टेडियमचा उपयोग झाला, तोही ताबडतोब. मात्र गोव्याने संतोष ट्रॉफी त्याआधीच जिंकली होती, १९८३ मध्ये बंगालबरोबर विभागून आणि १९८४ मध्ये एकट्याने. साळगावकर, धेंपो यांसारखे क्लब आणि गावोगावची मैदाने आधीची, सिमेंटचे कठडे नंतरचे. पुढे २०१४ च्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धेसाठी फातोर्ड्याचे रूप पालटले, २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आला आणि २०२२ मध्ये मुलींचाही. दर वेळी डागडुजी कामी आली, कारण तिच्या पाठीशी खेळणारा प्रदेश होता.

२०१७ च्या त्या विश्वचषकाने आणखी एक गोष्ट उघडी पाडली, आणि ती बांधकाम खात्यांना फारशी रुचणारी नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेला प्रचंड प्रेक्षागार नको होते. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये एके काळी लाखावर माणसे बसत. अंतिम सामन्यासाठी ती संख्या सदुसष्ट हजारांच्या आत आणली गेली आणि कृत्रिम हिरवळ काढून खरे गवत लावले गेले. कोचीतही प्रेक्षकांना वेळेत बाहेर पडता यावे म्हणून आसने कमी झाली. गुवाहाटीची कथा तर बोलकी आहे. तिथे इंग्लंड आणि ब्राझील यांचा उपांत्य सामना ठरला होता. पाऊस झाला, मैदान बिघडले आणि सामना ऐन वेळी कोलकात्याला गेला. छप्पर, दिवे, रंग सारे जागेवर होते. निचऱ्याने घात केला.

यावर नवी मुंबईचा दाखला कोणी देईल. डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मधले, मुळात क्रिकेटचे. आयपीएलचे अंतिम सामने तिथे झालेले. तरी २०१७ मध्ये स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना आणि २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथेच रंगला. मग फुटबॉलची परंपरा कशाला हवी? आक्षेप वजनदार आहे, पण नवी मुंबई एकटी नव्हती. खाडीपलीकडे १८९१ पासून रोव्हर्स कप पाहिलेली मुंबई होती, कूपरेजसारखे मैदान होते, विमानतळ आणि हॉटेले होती. ही उधारी बडोद्याने कुणाकडून घ्यायची? अहमदाबादकडून, असे उत्तर येईल. पण तिथलेच चित्र पाहा. २०१९ चा इंटरकॉन्टिनेंटल कप झाला तो कांकरियाजवळच्या वीस हजारांच्या एका अरेनात, आणि मोटेऱ्याला जगातले सर्वांत मोठे क्रिकेट स्टेडियम उभे असूनही नोव्हेंबर २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील भारतीय संघाने इराणला २-१ असे हरवून आशियाई चषकात प्रवेश मिळवला तोही तिथेच. लाखाच्या वर आसने असलेले स्टेडियम त्याच शहरात असून फुटबॉलने त्याच्याकडे वळून पाहिले नाही.

बडोद्याला हे नवे वाटू नये. सयाजीरावांच्या काळापासून इथे जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या संस्था वाढल्या. रणजी करंडकाच्या पाच विजेतेपदांपैकी चार १९४२-४३ ते १९५७-५८ या काळातली आहेत. शहरात मोठे स्टेडियम येण्याच्या कितीतरी आधीची. बडोद्याकडून खेळणारे विजय हजारे घडले ते प्रेक्षागारामुळे नव्हे. भव्य स्पर्धा पाहिल्याशिवाय मुलांना खेळाची ओढ कशी लागणार, या प्रश्नाचे उत्तर याच यादीत आहे. ज्या पिढीने ती विजेतेपदे मिळवली, तिच्या शहरात एकही कसोटी सामना झालेला नव्हता.

राहता राहिली कोटंबीच फुटबॉलला वापरण्याची सूचना. क्रिकेटच्या मैदानात मधोमध कडक मातीच्या खेळपट्ट्या असतात, लंबवर्तुळामुळे प्रेक्षक दूर पडतो, आणि दोन्ही खेळांचा भर हिवाळ्यावर असल्याने तारखांची ओढाताण होते. तेव्हा पैसा असेलच, तर तो आधी बडोद्यात आणि पादऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी निचरा होणारी गवताची मैदाने, दिवे, प्रशिक्षक आणि वर्षभर चालणारी लीग यांवर जावा. विश्वचषकाला सरावाची मैदाने लागतातच. ती तयार असतील तर बारा-पंधरा हजार आसनांचे स्टेडियम नंतर बांधता येईल आणि ते रिकामे राहणार नाही.