आपत्तिपट आणि कौटुंबिक प्रेक्षक : ‘ट्विस्टर’ व कोल्हापूर

आपत्तिपट म्हणजे भूकंप, महापूर, वणवा किंवा वादळ अशा एखाद्या संकटाभोवती कथानक गुंफलेला आणि त्या संकटाचे भव्य चित्रण हेच मुख्य आकर्षण असलेला चित्रपट. वादळाचा पाठलाग करणाऱ्या संशोधकांवरील ‘ट्विस्टर’ (१९९६) हा या प्रकारातील सर्वांत गाजलेल्या चित्रपटांपैकी एक होय. असे चित्रपट लहान मुलांना घेऊन पाहावेत का, या प्रश्नाचे उत्तर प्रमाणपत्रावरील अक्षरांत पूर्णपणे सापडत नाही. मुलाने स्वतः कोणते संकट अनुभवले आहे, यावरही ते अवलंबून असते, आणि पंचगंगेच्या काठी वसलेल्या कोल्हापुरात तर ही बाब प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

‘ट्विस्टर’चे दिग्दर्शन यान द बाँट यांनी केले असून हेलन हंट आणि बिल पॅक्स्टन यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. टोर्नेडो, म्हणजे मेघगर्जनेच्या प्रचंड ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा, भयंकर वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ, आतून कसा असतो हे मोजण्यासाठी एक चमू ‘डोरोथी’ नावाचे उपकरण त्याच्या वाटेत ठेवू पाहतो, एवढेच त्याचे कथासूत्र आहे. या कल्पनेला आधार होता : अमेरिकी हवामानशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ‘टोटो’ नावाचे असेच उपकरण टोर्नेडोच्या मार्गात ठेवण्याचे प्रयत्न केले होते. अमेरिकेत या चित्रपटाला तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारे मानांकन मिळाले आणि त्याचे कारण म्हणून अतिशय वाईट हवामानाचे तीव्र चित्रण एवढेच नोंदवले गेले. रक्तपात व कामुकता यांचे प्रमाण त्यात खरोखरच अल्प आहे.

तरीही लहान मुलाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत कठीण भाग अगदी आरंभीच येतो. १९६९ मधील एका रात्री आईवडील आपल्या चिमुरड्या मुलीला घेऊन तळघरात शिरतात, वडील दोन्ही हातांनी दार ओढून धरतात, वारा ते दार उचकटतो आणि मुलीच्या डोळ्यांदेखत दारासकट वडिलांनाही घेऊन जातो. पुढे उडणारी गाय, कोसळणारी घरे, रस्त्यावर आदळणारा टँकर अशी कितीतरी दृश्ये येतात, पण ती मुले बहुधा थरार म्हणून स्वीकारतात. आईवडील डोळ्यांसमोरून नाहीसे होणे मात्र त्यांना तसे पचवता येत नाही. म्हणून दहाएक वर्षांवरील मुलांना हा चित्रपट मोठ्यांच्या सोबतीने दाखवण्यास हरकत नसली, तरी त्याहून लहान मुलांसाठी हा पहिला प्रसंग वगळणे किंवा तो आधी सांगून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

पडद्यावर काय दाखवावे, हा वाद कोल्हापूरला नवा नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने निर्माण केलेल्या ‘सैरंध्री’ (१९२०) या मूकपटातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले होते, की ते सेन्सॉरच्या आक्षेपास पात्र ठरले. भारतीय चित्रपटांच्या परिनिरीक्षणाच्या इतिहासात हे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते. आज १९५२ च्या चलचित्र कायद्यानुसार प्रमाणपत्र दिले जाते. पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या ‘यूए’ या वर्गाचे २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे पाडले. केवळ प्रौढांसाठीच्या ‘ए’ वर्गाप्रमाणे हे टप्पे मुलांना चित्रपटगृहाच्या दारात अडवत नाहीत. निर्णय पालकांवरच सोपवला जातो.

तो निर्णय घेताना कोल्हापूरच्या पालकांना प्रमाणपत्रात न मावणारी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. टोर्नेडो या भागात परका आहे. उन्हाळ्यातील वावटळ आणि पत्रे उडवणारा, गारा पाडणारा वळीव एवढीच वादळाची ओळख येथील बहुतेक मुलांना असते. पाण्याचे तसे नाही. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेले की धोका पातळी, हे आकडे येथे शाळकरी मुलांनाही पाठ असतात, आणि राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, त्यांपैकी किती उघडले, ही पावसाळ्यात घराघरांतली चौकशी असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला, प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील गावांमधून माणसांना बोटींनी बाहेर काढावे लागले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. दावणीची जनावरे मागे ठेवून बोटीत बसलेल्या मुलाला आकाशात भिरभिरणारी गाय गमतीची वाटेलच असे नाही. अशा मुलाचे वय बारा असो वा चौदा, त्याने अर्ध्यावर उठून जायचे म्हटले तर त्याला जाऊ देणे हेच योग्य होय.

मुलांशी ज्या गोष्टी मुद्दाम बोलायला हव्यात, त्यांत चित्रपटातील सुरक्षिततेच्या चुका येतात. नायक-नायिका एकदा पुलाखाली आसरा घेतात आणि अखेरीस चामडी पट्ट्यांनी स्वतःला पाइपाला बांधून सर्वांत तीव्र वर्गाच्या टोर्नेडोतून जिवंत सुटतात. प्रत्यक्षात उडत्या ढिगाऱ्यापुढे अशा ठिकाणी माणूस टिकणे जवळजवळ अशक्य असते. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनो येथे टोर्नेडोचा पाठलाग करतानाच टिम समारस या अनुभवी संशोधकासह तिघांचा मृत्यू झाला. ली आयझॅक चंग यांच्या ‘ट्विस्टर्स’ (२०२४) या पुढील चित्रपटाने ही जाणीव अधिक ठेवली असून त्यातील नायिकेचे सहकारी सुरुवातीलाच वादळात बळी पडतात. गाड्या वादळाच्या दिशेने पिटाळण्याचा थरार पाहिलेल्या मुलाला पुराच्या पाण्यात दुचाकी घालणे म्हणजे तसेच धाडस वाटू नये, याची काळजी येथील पालकांनी घ्यावी.

भीती कमी करण्याचा एक साधा मार्ग म्हणजे चित्रपट कसा तयार झाला हे मुलांना सांगणे. ‘ट्विस्टर’मधील वादळाचे स्तंभ आणि ती गाय संगणकावर घडवलेली आहे, आणि टोर्नेडोचा घोगरा हुंकार तयार करताना उंटाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण संथ करून वापरले आहे. लहान मुले मोठ्या आवाजानेही घाबरत असल्याने, चित्रपटगृहातील दणदणाटापेक्षा घरी, दिवसाउजेडी आणि आवाज बेताचा ठेवून हा चित्रपट पाहणे त्यांच्यासाठी अधिक सोयीचे असते.