माशाच्या डोक्यातली गाठ आणि तळ्यातलं बीज

मालेगाव म्हटलं की लोक आधी नाशिककडे पाहतात, म्हणून सुरुवातीलाच सांगतो, आपण बसलोय ते वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात. इथून समुद्र कुठल्याही दिशेने गेलं तरी चारशे किलोमीटरच्या पुढेच. मग 'मत्स्यपालन आणि सागरी जैवतंत्रज्ञान' हा विषय इथे कशाला, असा प्रश्न आयोजकांपैकीही एकाने आम्हाला विचारला. उत्तर व्याख्यानाच्या ओघात येईलच. पण एक लक्षात घ्या, आपला जिल्हा पाणलोटाचा माथा आहे. काटेपूर्णेचं पाणी पूर्णेतून तापीला मिळून अरबी समुद्राकडे जातं आणि पैनगंगेचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. दोन समुद्रांच्या नद्या इथे उगम पावतात, त्यामुळे बारमाही मोठी नदी मात्र आपल्या वाट्याला आली नाही. जे पाणी आहे ते अडवलेलं. एकबुर्जी, सोनल, अडाण, गावोगावचे पाझर तलाव, आणि 2016 नंतर 'मागेल त्याला शेततळे' योजनेतली शेततळी.

या अडवलेल्या पाण्यातच आजच्या गोष्टीचं मूळ आहे.

पाऊस लागला की आपल्याकडे प्लास्टिकच्या पिशव्या येतात. अर्धं पाणी, वर प्राणवायू भरलेला, तोंड रबराने करकचून बांधलेलं. आत जिऱ्याच्या दाण्याएवढे जीव. त्यांना आपण 'मत्स्यजिरे' म्हणतो ते उगाच नाही. थोडे वाढले की अर्धबोटुकली, मग बोटुकली. भोई बांधवांची सहकारी संस्था असो की शेततळ्याचा मालक, हे बीज दरवर्षी विकत आणावंच लागतं. आता साधा प्रश्न. तळ्यात मागच्या तीन वर्षांचे रोहू आहेत, चांगले दोन-दोन किलोचे, नर आहेत, माद्या आहेत. मग तळ्यातच पिल्लं का होत नाहीत? गाय आपल्या गोठ्यात विते, कोंबडी खुराड्यात अंडी देते. रोहूला काय झालं?

माशांकडे बारकाईने पाहण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोदाचं प्रकरण आहे. नदीतले मासे कोणते, समुद्रातले कोणते, कुणाला कसला चारा लावायचा, हे सगळं त्यात आहे. 1951 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर अभ्यासलेख लिहिला. पुढे इंग्रजी अमदानीत कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांची नोंद केली, 1839 मध्ये. त्याने एक गमतीची गोष्ट केली. स्थानिक नावंच उचलून लॅटिन नावांत बसवली. खुदरी, बोगट, मुसल्ला. जगभरच्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर आज आपल्या कोळ्या-भोयांचे शब्द चिकटवलेले आहेत, आणि ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही! यातलं 'खुदरी' हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

पण मासा ओळखणं वेगळं आणि त्याचं बीज तयार करणं वेगळं. कटला, रोहू, मृगळ हे आपल्या तळ्यातले तीन नेहमीचे मासे म्हणजे पूर वाहणाऱ्या मोठ्या नद्यांचे जीव. पावसाळ्यात पाणी चढतं, गढूळ होतं, थोडं गार होतं, काठावर उथळ पसरतं, तेव्हाच मादी अंडी सोडते. साचलेल्या पाण्यात तिच्या पोटात अंडी तयार होतात, पिकतातही, पण बाहेर येत नाहीत. पावसाळा सरला की शरीर ती परत जिरवून टाकतं. मादी वांझ नसते. तिला हवा तो निरोप मिळत नाही, एवढंच.

म्हणून 1957 च्या आधी मत्स्यबीज म्हणजे नदीतून गोळा केलेलं बीज. बंगालमध्ये पुराच्या दिवसांत नदीकाठी बारीक जाळ्या लावून ते पकडत, मातीच्या हंड्यांत भरत आणि हावड्याहून रेल्वेने देशभर पाठवत. हंडी सतत हलवत राहावी लागे, नाहीतर पाण्यातली हवा संपे. दोन-दोन दिवस रेल्वेच्या डब्यात हंडी हलवत बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. मत्स्यशेतीचा खरा इतिहास त्याचाच. शिवाय नदीच्या बिजात काय काय मिसळलेलं असे, कोण जाणे. रोहू समजून सोडलेल्यात त्याच रोहूला खाणारे मासेही निघत.

तो निरोप कुठून निघतो, हे शोधायला जग निम्मं फिरावं लागलं. मेंदूच्या खाली पिट्यूटरी नावाची एक इवलीशी गाठ असते, मराठीत पीयूषिका ग्रंथी. अर्जेंटिनात बर्नार्दो हाउसे यांनी 1930 च्या सुमाराला या ग्रंथीचा अर्क माशांना टोचून पाहिला. (याच ग्रंथीवरच्या, पण वेगळ्या कामासाठी त्यांना 1947 मध्ये नोबेल मिळालं.) ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी ती पद्धत मत्स्यपालनात आणली. आपल्याकडे 1938 मध्ये हमीद खान यांनी मृगळावर प्रयोग केला, पण अर्क घेतला सस्तन प्राण्याचा, आणि वापरात येण्याजोगी पद्धत काही हाती लागली नाही. माशाला माशाचीच भाषा कळते म्हणायची.

मग हिरालाल चौधरी आले. 1955 मध्ये त्यांनी एका बोटभर माशावर हे साधलं. आणि 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे त्यांनी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी मोठ्या कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं. दरवर्षी 10 जुलैला 'राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन' असतो तो त्याचाच.

ही पद्धत थोडी सविस्तर सांगतो, कारण इतकं साधं तंत्रज्ञान क्वचित सापडतं. बाजारात कापलेल्या माशांची डोकी घ्यायची. कवटी उघडून गाठ काढायची आणि निव्वळ अल्कोहोलमध्ये ठेवायची. वापरायच्या वेळी ती खलून पाण्यात मिसळायची, गाळ खाली बसवायचा, वरचं निवळ पाणी सिरिंजमध्ये भरायचं. मादीला संध्याकाळी किलोला दोन-तीन मिलिग्रॅम, सहा तासांनी पाच ते आठ मिलिग्रॅम. दुसऱ्या वेळी नरालाही थोडी मात्रा. मग दोघांना 'हापा' म्हणतात त्या कापडी पिंजऱ्यात सोडायचं आणि वाट पाहायची. पहाटे अंडी तयार. किलोभराची रोहू मादी दोन लाखांच्या पुढे अंडी देते आणि चौदा-अठरा तासांत ती फुटतात. नदीला पूर आलाच नव्हता, तरी माशाच्या अंगात तो आला.

यात अडचण होती ती गाठीची. एका माशाला बीज देण्यासाठी दुसऱ्या कितीतरी माशांची डोकी लागत, आणि गाठ ताजी की शिळी, यावर सगळं अवलंबून. इथे समुद्र आपल्या गोष्टीत शिरतो. सामन हा समुद्रात वाढून नदीत अंडी घालायला येणारा मासा. त्याच्या मेंदूतून 1983 मध्ये एक संप्रेरक वेगळं काढून त्याची रचना उलगडली गेली. पिट्यूटरीला 'आता सोड' असं सांगणारं संप्रेरक ते हेच. चीनचे लिन हाओरान आणि कॅनडाचे रिचर्ड पीटर यांनी दुसरी बाजू दाखवली. कार्प माशांत डोपामिन हे रसायन ब्रेक लावून बसतं. ब्रेक सोडवा आणि निरोप द्या, दोन्ही एकदम, म्हणजे काम होतं. सामनच्या संप्रेरकाची कृत्रिम नक्कल आणि डॉमपेरिडोन यांचं मिश्रण 'ओव्हाप्रिम' नावाने आलं. डॉमपेरिडोन म्हणजे आपण उलटी थांबवायला घेतो तेच औषध, बरं का. पुढे मुंबईच्याच हेम्मो कंपनीचं 'ओव्हाटाइड' आणि वोक्हार्टचं 'वोव्हा एफएच' आलं. नर-मादीला एकदाच इंजेक्शन, डोकी फोडायला नकोत. मालेगावच्या तळ्यात आज जो रोहू पोहतोय, त्याच्या आईला बहुतेक अशीच कुपी टोचली असणार. समुद्राशी आपलं नातं ते असं, प्रयोगशाळेच्या वाटेने.

इथवर यशाची गोष्ट झाली. पण इतिहास सांगताना एवढ्यावर थांबणं आम्हाला बरोबर वाटत नाही. म्हणून आता लोणावळ्याला जाऊ.

साइक्सचा 'खुदरी' म्हणजे दख्खनचा महाशीर. धरणं झाली, सुरुंग लावून मासेमारी झाली, आणि तो कमी होत गेला. राज्याचे माजी मत्स्यसंचालक चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी 1970 च्या आसपासपासून टाटांच्या लोणावळ्याच्या तलावांवर या माशाचं बीज तयार करायला घेतलं. काम कमालीचं चिकाटीचं. 1979 मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला, महाशीरची अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने कशी पाठवायची यावर. मातीच्या हंडीपासून ओल्या कापसापर्यंतचा तो प्रवास! लाखो पिल्लं तयार झाली आणि राज्याबाहेरही गेली, कर्नाटकातही. त्या काळी सगळ्यांना हे पुण्याचंच काम वाटलं, आणि हेतूबद्दल आजही शंका घेण्याचं कारण नाही.

पण कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, प्रचंड वाढणारा. बाहेरून सोडलेला निळ्या पराचा महाशीर तिथे फोफावला. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदवह्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की निळा वाढतोय आणि कुबडा जवळजवळ दिसेनासा होतोय. वाळूउपसा, धरणं, चोरटी मासेमारी हीही कारणं आहेतच. 2018 मध्ये त्या कुबड्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, टोर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. म्हणजे नाव नक्की झालं तेव्हा मासा संपत आला होता. बीज तयार करता येणं आणि ते कुठे सोडावं हे कळणं, या दोन विद्या वेगळ्या आहेत.

आपल्या तळ्यांतही तीच मेख आहे, फक्त लहान प्रमाणात. मरळ साचलेल्या पाण्यात, पाणवनस्पतींत घरटं करते, पिल्लांना राखते. तिला इंजेक्शन लागत नाही, पिशवी लागत नाही. लागतात त्या काठावरच्या वनस्पती, आणि त्या आपण 'सफाई'त काढून टाकतो. भंडारा-गोंदियाकडे ढिवर समाजाच्या लोकांनी आणि मनीष राजनकरांसारख्या कार्यकर्त्यांनी जुन्या मालगुजारी तलावांत या वनस्पती परत लावल्या, स्थानिक मासे परत आले. त्यांनी रोहू-कटला बंद केले नाहीत. दोन्ही ठेवले.

शेवटी बीज विकत घेणाऱ्यांसाठी. हॅचरीत वर्षानुवर्षं तेच मोजके नर-मादी वापरले तर रक्त जवळचं होतं, वाढ खुंटते. ही अडचण ओळखून भुवनेश्वरच्या गोड्या पाण्याच्या मत्स्यसंस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर 1992 पासून वेगवेगळ्या नद्यांचे रोहू एकत्र आणून निवड सुरू केली. त्यातून 'जयंती रोहू' आला. सामनवर तावून सुलाखून घेतलेली निवडीची पद्धत रोहूला लावली, समुद्र पुन्हा आलाच बघा. तेव्हा पिशवी घेताना भाव विचारता तसं हेही विचारा, प्रजनक मासे कुठले, किती वर्षांपूर्वी बदलले? उत्तर नाही मिळालं तरी दोन-तीन वर्षं सगळ्यांनी विचारत राहिलं, की विकणाऱ्याला वही ठेवावी लागते.

मागून एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे: 'आमच्या शेततळ्यात प्लास्टिक आहे, मरळ होईल का?' काका, नुसत्या प्लास्टिकवर घरटं होत नाही. एका कोपऱ्यात मातीच्या कुंड्या बुडवून त्यात पाणवनस्पती लावून बघा, आणि काठाला जाळी मात्र उंच लावा. पावसाच्या रात्री मरळ उडी मारून शेजारच्या वावरात जाते.