शाब्दिक वर्तन आणि श्रोत्याचे स्थान

बी. एफ. स्किनरच्या 'व्हर्बल बिहेवियर' (१९५७) या ग्रंथाचा उल्लेख साहित्यविचारात आलाच, तर तो बहुधा नोम चॉम्स्कीने १९५९ साली 'लँग्वेज' या नियतकालिकात केलेल्या परीक्षणाच्या निमित्ताने येतो. त्या परीक्षणाने वर्तनवादाचा भाषेवरील हक्क संपुष्टात आणला, असा हा इतिहास सांगितला जातो. तो खोटा नाही. मात्र तो भाषाविज्ञानाचा इतिहास आहे. समीक्षेच्या बाजूने पाहिल्यास या प्रकरणाचा आरंभ अन्यत्र दिसतो आणि शेवट झाला आहे असेही वाटत नाही.

स्किनरला मुळात लेखक व्हायचे होते. १९२६ मध्ये, पदवी हाती येण्याच्या सुमारास, रॉबर्ट फ्रॉस्टने त्याच्या कथा वाचून उत्तेजनपर पत्र लिहिले होते. त्यानंतर लेखनासाठी म्हणून आईवडिलांच्या घरी, स्क्रँटन येथे, काढलेल्या काळात त्याच्या हातून नाव घेण्याजोगे काहीही लिहून झाले नाही. १९२८ मध्ये तो मानसशास्त्र शिकण्यासाठी हार्वर्डला गेला.

तेथे त्याने सिद्ध केलेली मांडणी परिचित आहे. पेटीतला उंदीर तरफ दाबतो, अन्नाची गोळी मिळते, तरफ दाबण्याचे प्रमाण वाढते. वर्तनाची शक्यता वाढवणारा हा परिणाम म्हणजे 'प्रबलन'. गोळ्या हाताने तयार कराव्या लागत. त्या पुरवून वापरण्यासाठी स्किनरने दर दाबण्याला गोळी देणे थांबवले, आणि एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली: अधूनमधून प्रबलित झालेले वर्तन, प्रबलन बंद झाल्यावरही, अधिक काळ टिकून राहते. काटकसरीतून निघालेला हा निष्कर्ष पुढे फर्स्टरच्या सहकार्याने लिहिलेल्या १९५७ च्याच दुसऱ्या मोठ्या ग्रंथाचा विषय झाला.

साहित्य मात्र सुटले नव्हते. १९३४ च्या जानेवारीत 'अटलांटिक मंथली'मध्ये स्किनरने गर्ट्रूड स्टाइनवर लेख लिहिला. विद्यार्थिदशेत स्टाइनने स्वयंचलित लेखनाचे प्रयोग केले होते. 'टेंडर बटन्स' हे त्याच लेखनाचे फळ आहे, असा त्याचा तर्क होता. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्याचा आक्षेप. या लेखनामागील व्यक्तीला भूतकाळ नाही, वाचन नाही, मते नाहीत, असे तो म्हणतो. स्टाइनवर हा अन्याय आहे; पण ज्या लेखनामागे इतिहास नाही ते त्याला निरर्थक वाटते, हे येथे स्पष्ट होते. पाच वर्षांनी त्याने शेक्सपिअरच्या १०० सुनीतांतील अनुप्रास मोजले आणि ते यदृच्छेने येतील त्याहून फारसे अधिक नाहीत, असे दाखवले. (१९४१ च्या मोजणीत स्विनबर्न या कसोटीला उतरला. अनुप्रासाचा कवी म्हणून त्याची ख्याती होतीच. ती आकड्यांनी पक्की झाली एवढेच.)

ग्रंथातील मूळ सूत्र असे: शाब्दिक वर्तन म्हणजे दुसऱ्या व्यक्तीच्या मध्यस्थीने प्रबलित होणारे वर्तन. हात पुढे केला की पेला हाती येतो. 'पाणी' म्हटल्याने मात्र पाणी येत नाही, ऐकणारा ते आणून देतो. म्हणजे श्रोता हा अर्थाचा केवळ ग्राहक नसून उच्चाराच्या घडणीचे कारण ठरतो. वाचककेंद्री समीक्षेच्या उदयापूर्वी, आणि बार्तने १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित करण्याच्या एक दशक आधी, हे विधान झाले होते. लेखकाला बाजूला सारून बार्तने भाषेला आणि वाचकाला त्याची जागा दिली. स्किनरने ती शाब्दिक समुदायाशी आलेल्या संबंधांच्या दीर्घ इतिहासाला दिली. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात तर कवी म्हणजे आनुवंशिक आणि परिस्थितिजन्य कारणे एकत्र येण्याचे स्थान, असे तो सरळ सांगतो.

चॉम्स्कीचा घाव नेमका येथे बसतो. पेटीत 'प्रबलन' ही संज्ञा काटेकोर आहे. पेटीबाहेर तिचे रूपक होते. आपण आज न भेटणाऱ्या, कदाचित जन्मालाही न आलेल्या वाचकासाठी लिहिणारा लेखकही 'प्रबलित' होतो असे म्हटले, तर त्या शब्दाने काहीच सांगितले जात नाही. हा आक्षेप मला निरुत्तर करणारा वाटतो. स्किनरचे स्वतःचे चरित्रच त्याला दुजोरा देते. फ्रॉस्टच्या पत्राइतके दुर्मिळ प्रबलन मिळूनही लेखन थांबले. उलट हा ग्रंथ मात्र २३ वर्षे रखडत पुरा झाला. दोहोंचे स्पष्टीकरण एकाच शब्दाने होत असेल, तर तो शब्द स्पष्टीकरण करीत नाही. पेटीजवळही सारे आलबेल नव्हते. स्किनरच्या तालमीत तयार झालेल्या ब्रेलंड दांपत्याने १९६१ मध्ये दाखवले की, नाणे डब्यात टाकायला शिकवलेले डुक्कर अन्न मिळत असूनही कालांतराने ते नाकाने उकरू लागते. जातीचा स्वभाव प्रबलनाला पुरून उरतो.

परंतु चॉम्स्कीच्या विजयाबरोबर श्रोताही गेला, याची नोंद क्वचितच होते. त्याच्या आदर्श वक्ता-श्रोत्याला इतिहास नाही, समुदायातले स्थान नाही. कोणाच्या मौनाने त्याचे बोलणे खुंटत नाही. मान्यता आणि उपेक्षा लेखकाच्या वाणीत कशा उतरतात हा समीक्षेचा जुना प्रश्न तेथे विचारताच येत नाही. स्किनरला तो निदान विचारता येत होता.

ग्रंथाचा उगम १९३४ मधील हार्वर्डच्या एका भोजनप्रसंगी झाला. शेजारी बसलेल्या व्हाइटहेडने त्याला आव्हान दिले होते: या मेजावर काळा विंचू पडत नाही आहे, असे मी आता म्हणतो, या वर्तनाचे कारण सांगा. दुसऱ्या दिवशी स्किनरने आराखडा लिहायला घेतला. ग्रंथाच्या शेवटी तो या वाक्याकडे वळतो, तेव्हा उद्दीपकांची मोजदाद करीत नाही. काळा विंचू हे रूपक असावे, असे तो सुचवतो. आणि तो विंचू म्हणजे त्या रात्री चर्चेत असलेला वर्तनवादच.