लाव्हाच्या दोन थरांमधली बाग

चारठाणा गावातल्या जुन्या देवळाच्या काळ्या दगडावर तळहात टेकव. उन्हानं तापलाय ना? कधीकाळी तो वितळलेला होता. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनभर पसरलेल्या लाव्हाचा हा दगड.

चल, अशाच लाव्हाच्या थरांमध्ये काय दडलंय ते बघू. पहिला मुक्काम नागपूर, साल १९५६.

प्रयोगशाळेत डॉ. श्यामला चितळे कामात गढल्या आहेत. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाची पीएचडी नुकतीच पदरात पडली आहे. हातातला दगड छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानचा. चर्ट म्हणतात त्याला, महाटणक! तो कापायचा, मग उजेड आरपार जाईल इतका घासायचा. जरा जास्त घासलं की काप वाया. अगदी तसाच दुसरा मिळत नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लाव. फळाची साल, आतल्या बिया, पेशी न् पेशी जागच्या जागी! 'ट्रायकोसाइट्स' नावाच्या तीनधारी फळावरचा त्यांचा शोधनिबंध याच वर्षीचा.

दगडात फळ आलं कुठून? आणखी मागे जाऊ, थेट लाव्हाच्या काळात.

पायांखालचा लाव्हा केव्हाच निवलाय. पुढचा उद्रेक अजून लांब आहे. खोलगट जागी तळं साचलंय, काठावर ताडाच्या जातीची झाडं आहेत. वेलीवरचं एक फळ पाण्यात पडतं. पाण्यात विरघळलेली सिलिका त्याच्या पेशींत शिरते आणि ते कुजण्याआधीच त्याचा दगड होऊ लागतो. नंतर नवा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकतो.

आता १९८०. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात चितळेबाई वनस्पती-जीवाश्मांचा विभाग उभा करताहेत. वय ६२!

२०१३ साली त्या गेल्या. त्याच वर्षी दख्खनच्या चर्टमधल्या बियांना शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव दिलं: 'इंडोव्हायटिस चितळेई'. द्राक्षकुळातले तोवर सापडलेले हे सर्वांत जुने अवशेष. द्राक्षाची बी निरखून बघ, एका बाजूला दोन खाचा दिसतील. दगडातल्या बियांवरही तशाच खाचा आहेत.

तुला असा दगड दिसला, तर हलवण्याआधी गाव, जागा आणि थर लिहून ठेव. नोंद नेमकी असली, तर पन्नास वर्षांनीही त्यातून कुणाला तरी नवी वनस्पती सापडेल.